रिंगणात रडायचं नाही

२ जून, सोमवार

लिहायला सांगितलंय म्हणून लिहितेय. नाहीतर मी आणि डायरी? माझा नवरा लोवेल असता तर हसून हसून खुर्चीवरून पडला असता.

काउंटीच्या ऑफिसने यंदा फर्मान काढलंय. पशुपालन क्लबच्या प्रत्येक प्रमुखाने मुलांसाठी ‘मन खंबीर करण्याचा’ वर्ग भरवायचा, स्वतः त्यात बसायचं आणि घरी येऊन चार ओळी खरडायच्या. गेल्या जत्रेत पलीकडच्या क्लबातली एक मुलगी आपलं डुक्कर ट्रकवर चढवताना कोसळली. ती पुन्हा क्लबात फिरकलीच नाही. वाईट झालं, मी नाही म्हणत नाही. पण माझ्या क्लबात असं कधी झालेलं नाही. तीस वर्षं मी पोरांना शिकवतेय: पिल्लू घ्या, वाढवा, जत्रेत रिंगणात दाखवा, लिलावात विका आणि आपल्या हातांनी खाटकाच्या ट्रकवर चढवा. आर्डिथ कुलमनचा नियम सगळ्या काउंटीला पाठ आहे. रिंगणात रडायचं नाही. रडायचंच असेल तर गोठ्यामागे जा, नाक शिंकरा, परत या. माझं एकही पोर आजवर रिंगणात रडलेलं नाही. आणि हे मला खंबीरपणा शिकवणार!

शिकवायला कोण, तर शाळेतली नवी समुपदेशक, मारिसोल इबारा. तिशीसुद्धा उलटली नसेल. आज ओळख करून घ्यायला गोठ्यात आली ती पांढरेशुभ्र बूट घालून. मी काही बोलले नाही. मेंढ्यांनीच काय ते सांगितलं.

७ जून, शनिवार

नात आली. गेल्या आठवड्यात ग्रेचनचा लिंकन शहरातून फोन आला होता. “आई, लिनियाला सुट्टीभर तुझ्याकडे पाठवते. बाबा गेल्यापासून...” मी म्हटलं, पाठव की, पोरीला आधार हवाच. तेरा वर्षांची आहे, आजोबांची लाडकी. तोंडाने बोलत नाही, पण मला कळत नाही का?

तिचा मेंढा दरवर्षी माझ्याकडेच असतो. यंदाचा लोवेलने निवडलेला. फेब्रुवारीच्या थंडीत त्यानेच मेंढीत कोपरापर्यंत हात घालून त्याला बाहेर ओढलं, टॉवेलात गुंडाळून स्वयंपाकघरात आणलं आणि म्हणाला, “हा लिनियाचा.” लोवेलने जन्मात कुठल्या जनावराला नाव ठेवलं नाही. ट्रकवर जायचं त्याला नाव कशाला, म्हणायचा. पण हे पिल्लू धड उभं राहतंय न राहतंय तोच सगळ्या कळपाकडे असं बघायला लागलं की जणू आता भाषण करणार. लोवेल म्हणाला, “मेयर आहे हा गावचा.” झालं, मेयर तर मेयर.

एप्रिलमध्ये कुंपण दुरुस्त करता करता लोवेल गेला. दफनाच्या दुसऱ्या दिवशी मी मेंढरांना जंताचं औषध पाजलं. कुणीतरी पाजायलाच हवं होतं. चर्चमधल्या बायका म्हणाल्या, आर्डिथ म्हणजे ओकाचं लाकूड आहे. ऐकून बरं वाटलं.

यंदा प्रश्न एवढाच आहे की मेयरला ट्रकवर चढवताना लिनिया उभी राहील का. आजोबांनी दिलेला शेवटचा मेंढा आहे. तिला तयार करायची जबाबदारी माझी.

१२ जून, गुरुवार

पहिला वर्ग. पोरांना गवताच्या भाऱ्यांवर गोल बसवलं. मारिसोल म्हणाली, “आत्ता काय वाटतंय त्याला नाव द्या, आणि ते अंगात कुठे आहे ते सांगा.”

नऊ वर्षांचा ओटिस लगेच म्हणाला, “भूक. पोटात.”

सगळे खो खो हसले. मारिसोलही हसली, म्हणाली, “एकदम बरोबर. पुढे?” एकजण म्हणाला, राग, मानेत. एक मुलगी म्हणाली, भीती, गुडघ्यांत. लिनिया म्हणाली, “काळजी. इथे,” आणि छातीवर हात ठेवला. कसली काळजी ते कुणी विचारलं नाही. विचारायचं नसतं म्हणे.

मग बाई माझ्याकडे वळली. “कुलमनबाई, तुम्ही?”

“काही नाही,” मी म्हटलं. “कुठेच नाही.”

पोरं हसली. लिनिया हसली नाही, नुसती बघत राहिली.

वर्ग संपल्यावर मारिसोल म्हणाली, मलाही मेंढा धरायला शिकवा. (आज रबरी बूट होते, म्हणजे बाई शिकते.) रिंगणात मेंढ्याला दोरी नसते. दोन्ही हातांनी त्याचा जबडा धरायचा आणि गुडघा छातीला लावायचा, की तो पुढे रेटतो आणि पाठ ताठ होते. पंचाला तेच बघायचं असतं. मेयरने एकदाच रेटलं आणि बाई धाडकन चिखलात! मला वाटलं, आता रडेल. पण ती बसल्या बसल्या इतकी हसली की मलाही आवरेना.

“मागे सरायचं नाही,” मी सांगितलं. “आणि त्याच्याशी झुंजायचंही नाही. तो रेटेल. रेटू दे. तू नुसती उभी राहा.”

“अहो, वर्गात मला हेच सांगायचं होतं,” ती म्हणाली. “तुम्ही दोन वाक्यांत सांगितलंत.”

म्हटलं, तीस वर्षं काय गवत उपटत होते काय?

१९ जून, गुरुवार

आज फजिती झाली. जत्रेत नाव नोंदवायची मुदत परवाच संपली हे मला आज सकाळी चहा पिताना आठवलं. मला! दुसऱ्यांच्या पोरांचे अर्ज विसरले तर मी त्यांच्या आईबापांना फाडून खाते. तशीच ट्रक काढून काउंटी ऑफिसात गेले. तिथली मुलगी म्हणाली, “मेयरचा अर्ज ना? लिनियाने गेल्याच आठवड्यात भरलाय. क्लबातल्या बाकीच्यांचेही तिनेच आणून दिले.”

घरी येऊन विचारलं तर म्हणते, “तुला यंदा खूप कामं आहेत ना आजी, म्हणून.” पोर मोठी झाली हो. असं बघितलं की ऊर भरून येतो. रात्री तिने राजमा-खिम्याची चिली केली आणि सोबत दालचिनीचे रोल. माझ्यासमोर बसून राहिली, मी ताट संपवेपर्यंत. तिला एकटीला जेवायला आवडत नाही वाटतं.

३ जुलै, गुरुवार

ओटिसचा प्रताप. सरावाच्या दिवशी रिंगणात जायच्या आधी तो ओकतो, दरवर्षी. आम्ही बादली तयारच ठेवतो. आज मारिसोल त्याच्या शेजारी उकिडवी बसली आणि म्हणाली, “समज तुझ्या हातात गरम सूप आहे. आधी वास घे. आता फुंकर मार, हळू, सांडेल हं.” मी मनात म्हटलं, डोंबलाचं सूप! पोरगा पांढराफटक पडलाय आणि ही बाई खेळ मांडतेय.

पण तो वास घेत राहिला, फुंकत राहिला. मग उठला आणि गेला की रिंगणात! ससा काखेत, मान ताठ. बादली कोरडी. बाहेर आल्यावर मला म्हणतो, “कुलमनबाई, भीती अजून आहे. पण ती मागच्या सीटवर बसलीय.”

नऊ वर्षांचं पोर हे! मी त्याला आइस्क्रीम दिलं. वर्गाबद्दल मी बोलले ते सगळं मागे घेते असं नाही, पण ते सूप मात्र वर्गात राहू दे.

९ जुलै, बुधवार

सकाळी मेयरला मीच बघते, लिनियाला झोपू दे म्हणून. तसं काम काही नसतं. खुराक बघायचा, पाणी बघायचं, थोडे ओट्स खिशातून द्यायचे. लोवेलची सवय लागलीय त्याला, खिशात तोंड घालतो. जरा वेळ होतो तिथे. गावातल्या बातम्या त्याला सांगते. मेयरच ना तो, त्याला कळायला नकोत?

आज मागे वळले तर लिनिया दारात उभी. “आजी, एवढ्या उकाड्यात आजोबांचं जॅकेट?”

“खिसे मोठे आहेत,” मी म्हटलं.

ती आत आली, माझ्या शेजारी कुंपणावर रेलली. “तुला काय वाटतंय आत्ता?”

“उकडतंय.”

गृहपाठाचा सराव करते बिचारी, दिवसातून दोनदा तरी. मी तिला अडवत नाही.

१८ जुलै, शुक्रवार

जे वाटत होतं तेच झालं. संध्याकाळी मेंढवाड्यात गेले तर लिनिया मेयरच्या पाठीवर डोकं टेकून हुंदके देत होती. हळूच नव्हे, चांगलं मोठ्याने. मी दाराआड थांबले. थोड्या वेळाने तिने तोंड धुतलं, ब्रश घेतला आणि त्याच्या पायांवरची लोकर विंचरायला लागली. गाणंसुद्धा गुणगुणत होती.

घरी रडते ती रिंगणात काय करेल? आणि ट्रकपाशी? ती दुसऱ्या क्लबातली पोर डोळ्यांसमोर आली. लोवेल असता तर त्याने तिचा हात धरला असता. आता मलाच काहीतरी केलं पाहिजे.

२१ जुलै, सोमवार

रॉयस पेट्राचेककडे गेले. गावचं धान्याचं कोठार चालवतो, लिलावात दरवर्षी पोरांची दोनचार जनावरं घेतो. मी सरळच सांगितलं. मेयरवर तू बोली लाव, आणि त्याला ट्रकवर न पाठवता माझ्या कुरणात परत पाठव. तुझं जे जाईल ते मी भरून देईन.

रॉयसने टोपी मागे सारली. “आर्डिथ, विकलेलं जनावर घरी न्यायचं नाही, हा नियम क्लबात कोणी आणला?”

“मी.”

“माझी पोर मार्नी वासरासाठी पाया पडत होती तुझ्या. तेव्हा काय म्हणालीस? आज परत घरी नेलंस तर उद्या कुठलीच गोष्ट सोडता यायची नाही.”

“ते वेगळं होतं.”

“काय वेगळं?”

“लिनियाचा आजोबा गेलाय, रॉयस! पोरीच्या जिवाला लागेल.”

“लिनियाने सांगितलं तुला असं?”

“सांगायला कशाला हवं? मी आजी आहे तिची.”

तो माझ्या अंगातल्या लोवेलच्या जॅकेटकडे बघत राहिला. मग म्हणाला, “बरं. तू म्हणतेस तर करतो.” भला माणूस आहे, पण चौकशा फार.

आता जिवाला स्वस्थता आहे. लिनियाला काही सांगायचं नाही. त्या दिवशी कळेल तेव्हा केवढी खूश होईल!

३१ जुलै, गुरुवार

जत्रा सुरू झाली. धूळ, तळणाचा वास, आणि माझी पोरं पांढऱ्या सदऱ्यांत. ओटिसच्या सशाला दुसरं बक्षीस! मारिसोल त्याच्यापेक्षा उंच उडाली. मेयरला सगळ्यात वरच्या दर्जाची जांभळी फीत. पंच म्हणाला, मेंढा तर चांगला आहेच, पण धरणारी त्याहून चांगली आहे. हे वाक्य मी आज भेटेल त्याला सांगितलं. आइस्क्रीमवाल्यालाही.

२ ऑगस्ट, शनिवार

आज लिलाव झाला. जसं झालं तसं लिहिते.

लिनिया रिंगणात आली आणि पहिल्या पावलालाच तिच्या डोळ्यांतून धारा लागल्या. तीस वर्षांची अब्रू, आणि ती घालवणार कोण, तर माझीच नात! अख्खी काउंटी बाकांवर बसलेली. दोन्ही हात मेयरच्या जबड्याला, त्यामुळे तिला डोळेही पुसता येईनात. हनुवटीवरून पाणी ठिबकत होतं. पण पाय थांबले नाहीत. चालली, वळली, गुडघा लावून उभी राहिली. मेयरने रेटलं, ती तसूभर हलली नाही.

रॉयसने बोली लावली आणि जिंकली. लिलाववाल्याने नेहमीचा प्रश्न विचारला, “रॉयस, ट्रक की घर?”

“घर,” रॉयस म्हणाला. “कुलमनांच्या कुरणात जाऊ दे त्याला परत.”

लोकांनी टाळ्या वाजवल्या. काही बायकांनी रुमाल काढले. मी लिनियाकडे बघत होते, आता हसेल, आता हसेल. ती हसली नाही. तिने बाकांवर मला शोधून काढलं आणि बघत राहिली, आणि मला कसंतरीच झालं, चोरी पकडल्यासारखं.

“नाही,” ती म्हणाली. आवाज रडका होता, पण शेवटच्या बाकापर्यंत गेला. “रॉयसकाका, थँक्यू. पण तो ट्रकवर जाईल. आजोबांनी तो मला त्यासाठीच दिला होता. शेवटपर्यंत नीट कर, म्हणाले होते. मी करू शकते. मला रडू येतंय, पण मी करू शकते.”

टाळ्या बंद. लिलाववाल्याने रॉयसकडे बघितलं, रॉयसने माझ्याकडे. सगळी जत्रा माझ्याकडे बघतेय असं वाटलं. नाही म्हणावंसं वाटत होतं. तोंडाशी आलं होतं. रिंगणात उतरावं, त्या मेंढ्याला काखोटीला मारावं आणि चालू पडावं, असं वाटत होतं मला! मला, आर्डिथ कुलमनला!

मी मान डोलावली. “ट्रक,” रॉयस म्हणाला.

रिंगणाबाहेर पडल्यावर लिनिया सरळ माझ्याकडे आली. मी म्हटलं, “अगं, मी तुझ्यासाठी...”

“माहीत आहे. चल ना आजी माझ्याबरोबर. मला एकटीला नको वाटतंय.”

गेले. ट्रकपाशी रांग होती, क्लबातली सगळी पोरं आपापली जनावरं घेऊन उभी. आमचा नंबर आला. लिनियाने मेयरच्या कानात काहीतरी सांगितलं, त्याच्या कपाळाचा मुका घेतला आणि हात काढून घेतले. मेयर हलला नाही. का हलत नाही ते मला कळेना. त्याने माझ्या खिशात तोंड घातलं होतं, आणि माझे दोन्ही हात त्याच्या मानेत. लोकरीत बोटं रुतवून धरलं होतं मी त्याला. कधी धरलं देव जाणे.

“आजी,” लिनिया म्हणाली. “सोड आता.”

“हो, सोडते.”

सोडवेना. बोटंच ऐकेनात. आणि मग माझ्या आतून एक आवाज निघाला, असला आवाज मी माझ्या जन्मात ऐकला नव्हता. एप्रिलपासून कुठे दडून बसला होता कोण जाणे. भर दुपारी, ट्रकपाशी, अख्ख्या क्लबासमोर मी भोकाड पसरलं. “लोवेल,” म्हणत होते म्हणे. मला आठवत नाही.

ट्रकवाला म्हणाला, “बाई, मागे रांग आहे.”

लिनिया त्याच्याकडे वळली. “थांबा. आजीला वेळ लागेल.” मग मागे वळून पोरांना म्हणाली, “थांबाल ना?”

आणि थांबली हो माझी पोरं! उन्हात, जनावरं धरून, एकानेही कुरकुर केली नाही. कुणी तोंड फिरवलं नाही, कुणी हसलं नाही. ओटिस पुढे आला, माझ्या कमरेला हात लावून नुसता उभा राहिला. बोलायचं नसतं, त्याला माहीत आहे. मारिसोल कुंपणापलीकडे होती. तीही आत आली नाही. तिला यावंच लागलं नाही.

लिनियाने माझी बोटं एकेक करून सोडवली, आणि माझा हात हातात ठेवून दुसऱ्या हाताने मेयरला ट्रकला लावलेल्या फळीवर नेलं. तो ऐटीत चढला. वर जाऊन वळला आणि सगळ्यांकडे बघितलं, मेयरच तो.

मग मी रांगेच्या कडेला उभी राहिले आणि एकेक पोर चढवून होईपर्यंत हलले नाही. निम्मी पोरं रडत होती. सगळ्यांनी आपापलं जनावर स्वतः चढवलं. एकही कोसळलं नाही. दुसऱ्या क्लबाची प्रमुख शेजारी येऊन म्हणाली, “काय गं आर्डिथ, तुझी पोरं रिंगणात रडत नाहीत ना?”

“रडतात,” मी म्हटलं. “आणि रडत रडत काम पुरं करतात. तुझी करतात का?”

ती आपल्या पोरांकडे चालू लागली.

१० ऑगस्ट, रविवार

ग्रेचन गाडी घेऊन आली. शाळा सुरू होणार. मी म्हटलं, “बरं केलंस पाठवलीस. पोरीला इथे बरं वाटलं.” ग्रेचन म्हणाली, “हो आई, पोरीला,” आणि मायलेकी एकमेकींकडे बघून हसल्या. त्यांचं काय ते त्यांना माहीत.

सामान गाडीत गेलं, पण लिनिया काही गाडीत बसेना. एकदा पाण्याची बाटली विसरली म्हणून घरात गेली, एकदा चार्जर. शेवटी माझ्यासमोर येऊन उभी राहिली. “आजी, तू ठीक आहेस ना?”

जिभेवर उत्तर तयार होतं. चार महिने सगळ्या गावाला तेच देत आलेय. पण ती तशीच उभी होती, गाडीच्या दाराला हात लावून, आणि मला एकदम दिसलं की मी ते उत्तर दिलं तर ही पोर आत बसणार नाही.

“नाही गं,” मी म्हटलं. “ठीक नाही. सकाळी उठल्यावर घर खायला उठतं. तुझा आजोबा दारात बूट आपटायचा, तो आवाज येत नाही, म्हणून मी दाराकडे जातच नाही. आणि आता तूही चाललीस. इथे दुखतंय.” आणि छातीवर हात ठेवला.

ग्रेचनचा आ वासलेला. तिला तिच्या आईच्या तोंडून असलं काही आजवर ऐकायला मिळालं नव्हतं. लिनियाने मात्र सुटकेचा श्वास सोडला, खांदे खाली आले, आणि इतकं मोठं हसू आलं तिच्या तोंडावर की मला वाटलं पुन्हा जांभळी फीतच मिळाली हिला. पटकन गाडीत बसली, काच खाली केली.

“शाबास, आजी!” ती ओरडली.

तेरा वर्षांची पोर मला शाबासकी देऊन गेली! गाडी वळणावर दिसेनाशी होईपर्यंत मी फाटकात उभी होते. समोरून रॉयसचा ट्रक गेला, त्याने हॉर्न वाजवला. मीही हात केला. डोळे पुसले नाहीत.